लोकमान्य टिळक टर्मिनसवरून गाडी पकडताना

मुंबईहून सुटणारी प्रत्येक लांब पल्ल्याची गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून सुटत नाही. केरळकडे जाणारी नेत्रावती एक्सप्रेस किंवा गोरखपूरची कुशीनगर एक्सप्रेस यांसारख्या अनेक गाड्या कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून सुटतात. म्हणून तिकिटावर ‘एलटीटी’ ही अक्षरे आहेत की ‘सीएसएमटी’, हे घरातून निघण्यापूर्वीच पाहावे.

या टर्मिनसवर लोकल येत नाही, आणि नवख्या प्रवाशाची फसगत नेमकी इथेच होते. हार्बर मार्गाने, म्हणजे वाशी किंवा पनवेलकडून येणाऱ्यांनी टिळकनगरला उतरावे. तेथून टर्मिनस चालत गाठता येते. मध्य मार्गावरील प्रवाशांना कुर्ला सोयीचे, कारण बहुतेक जलद लोकलही तेथे थांबतात. मात्र सोबत जड सामान किंवा वृद्ध माणसे असतील तर कुर्ल्याहून चालण्याचा हट्ट न धरता रिक्षा करावी. पश्चिम मार्गावरून येणाऱ्यांनी दादरला गाडी बदलून कुर्ला गाठावे.

ठाणे-कल्याण परिसरात राहणाऱ्यांनी आपली गाडी तेथे थांबते का, हे तपासून चढण्याचे स्थानक वेळेत बदलून घ्यावे. परंतु असा बदल केल्यावर मूळ स्थानकावरून चढण्याचा हक्क उरत नाही, हे विसरू नये. गाडीची सद्यस्थिती १३९ क्रमांकावर कळते. मध्यरात्रीनंतर काही तास लोकल बंद असल्याने, पहाटेच्या गाडीसाठी टॅक्सी आदल्या दिवशीच ठरवावी.