लागर चाखताना लोणी आणि मका वेगळे कसे ओळखावेत

फ्रीझरमध्ये गोठवलेल्या मगात कुणी लागर, म्हणजे गारव्यात सावकाश आंबवलेली बिअर, आणून दिली तर ती परत पाठवा आणि साधा ग्लास मागा. एप्रिलच्या उन्हात बर्फासारखी बिअर घशाला बरी वाटते हे मान्य. पण पारखायला बसलात तर इतक्या गारठ्यात जीभ बधिर होते आणि वास ग्लासातच अडकून पडतो. सहा ते आठ अंश सेल्सिअस पुरेसं आहे. अत्तर लावू नये, मसाला पापड नंतर मागवावा, ग्लासला साबण राहिलेला नसावा, हे सांगत बसत नाही.

आधी विचारा: कोणती लागर?
नुसतं ‘लागर’ म्हणून भागत नाही. १८४२ साली बोहेमियातल्या प्लझेन गावात योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रूअरने, म्हणजे बिअर बनवणाऱ्याने, जी सोनेरी बिअर काढली, त्या चेक घराण्यात साझ जातीच्या हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीच्या फुलांचा) कडवटपणा ठळक असतो. म्युनिकच्या स्पाटन या बिअर कारखान्याने १८९४ मध्ये आणलेली हेलेस ही लागर मात्र मऊ, मॉल्टकडे, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या गोडव्याकडे झुकणारी. हेलेस पिऊन ‘कडूच नाही’ अशी तक्रार करणं म्हणजे श्रीखंडाला तिखट नाही म्हणण्यासारखं आहे.

रूप
ग्लास तिरका धरून ओता, शेवटी सरळ करा, दोन बोटं फेस येऊ द्या. रंग बघा, पुढे चला. गढूळ दिसली म्हणून नाक मुरडू नका. जागेवरच बिअर बनवणाऱ्या ब्रू-पबमधली लागर पुष्कळदा न गाळताच देतात.

वास, आणि माझी फजिती
इथे मात्र थांबायचं. लागरमध्ये मॉल्ट, हॉप्स आणि यीस्ट यांची कामं इतकी नाजूक असतात की चूक झाकायला आडोसा नसतो. तरीही दोन चुका मी कितीतरी वर्षं एकच समजत होतो.

एक आहे डायअसिटिल, म्हणजे लोण्याचा वास. दुसरी डायमिथाइल सल्फाइड, ब्रूअर लोकांच्या तोंडी डीएमएस, म्हणजे उकडलेल्या मक्याचा वास, जास्त झाला तर उकडलेल्या कोबीचा. कागदावर हा फरक शेंबड्या पोरालाही कळेल. पण मॉलमध्ये मिळणारा स्वीटकॉर्नचा कप आठवा. उकडलेला मका, वर बटर. आपल्या डोक्यात हे दोन वास एकाच कपात बसलेत, आणि दोन्ही आवडीचे. त्यामुळे नाक तक्रार तर करत नाहीच, उलट ‘वा, गोडसर आहे’ म्हणून गुण वाढवतं.

मी एका ब्रूअर मित्राला छातीठोकपणे सांगितलं होतं, तुझ्या लागरला लोणी येतंय. त्याने पुढच्या वेळी बिअर आंबवण्याच्या टाकीत दहा दिवस जास्त ठेवली. वास तसाच. कारण तो मका होता, आणि मक्याचा टाकीशी संबंध नव्हता. फिकट मॉल्टमध्ये एक घटक असतो, त्याचा तापल्यावर डीएमएस होतो. आंबवण्याआधी मॉल्टचा काढा उकळतात, तेव्हा भांडं उघडं ठेवून रटारट उकळलं तर तो वाफेबरोबर निघून जातो. उकळी मंद पडली किंवा नंतर काढा थंड करायला वेळ लागला तर बिअरमध्ये राहतो. लोण्याची गोष्ट निराळी. ते यीस्टच्या कामातून येतं, आणि वेळ दिला तर यीस्टच ते परत गिळतं. लागर आंबते साधारण आठ ते तेरा अंशांना, म्हणून सगळंच संथ. शेवटी टाकी पंधरा-सोळा अंशांवर नेऊन दोन-तीन दिवस थांबलं की काम होतं. पण लागर टाकी आठवडेच्या आठवडे अडवते, तेवढ्यात एल या उबेत पटकन आंबणाऱ्या बिअरचे दोन घाणे निघतात. मग शनिवारच्या गर्दीसाठी घाई होते, टाकी लवकर गार केली जाते, यीस्ट झोपतं आणि लोणी उरतं.

म्हणजे माझ्या एका चुकीच्या शब्दाने त्याचे दहा दिवस गेले. आता मी असं करतो.

ग्लास आल्याआल्या, फेस असतानाच, दोन-तीन छोटे हुंगे. लांब श्वास नको. डीएमएस उडून जाणारा असतो, सुरुवातीलाच भेटतो, आणि नाकही त्याला पटकन सरावतं. चौथ्यांदा हुंगाल तेव्हा तो गेलेला असतो, आणि तुम्ही म्हणाल ‘ठीक आहे’. जे वाटलं ते लगेच लिहा. मग ग्लास दोन्ही तळहातांत धरून पाच-सात मिनिटं नुसते बसा. कोमट होत आली की पुन्हा हुंगा. लोणी असेल तर आता ते वर येतं. घोट घेऊन जीभ टाळूला घासा. वास कळला नाही तरी तोंडात तुपाचा हात फिरल्यासारखा बुळबुळीतपणा राहतो. काही जणांच्या नाकाला डायअसिटिल कळतच नाही, त्यांनी जिभेवरच भरवसा ठेवावा.

सराव घरी होतो. कणीस मिठाशिवाय, बटरशिवाय उकडा आणि ते पाणी झाकून ठेवा. दुसऱ्या वाटीत विरजणाचं ताजं लोणी. डोळे मिटून आलटूनपालटून हुंगा. महिनाभर, आठवड्यातून एकदा. बाजारातले महागडे वासांचे संच नंतर घ्या.

दोन इशारे. चेक लागरमध्ये लोण्याची पुसटशी छटा चालते, तिथे शहाणपण दाखवू नका. आणि लोण्यासोबत आंबटपणा असेल तर ब्रूअरला बोल लावण्याआधी नळाच्या पाइपवर संशय घ्या. न धुतलेल्या पाइपातले जीवाणूही हाच उद्योग करतात.

बाकीचे वास सोपे. काडी ओढल्यासारखा हलका गंधक लागरमध्ये चालतो. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर कोवळीच काढलीय. ओल्या पुठ्ठ्याचा म्हणजे हवा लागून शिळी झालीय.

चव
गिळा. वाइनसारखी थुंकू नका, कडवटपणा गिळल्यावरच नीट कळतो. तो स्वच्छ तुटतो की घशात रेंगाळतो, एवढं बघा.

गुण
बिअर परीक्षकांच्या बीजेसीपी (बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम) पद्धतीत पन्नासपैकी वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या पोताला ५ आणि एकूण प्रभावाला १० गुण असतात. फोटो काढण्यात निम्मा फेस घालवणाऱ्यांनी तो ३ चा आकडा पुन्हा वाचावा. गुण लिहून होईपर्यंत टेबलावर कुणी बोलायचं नाही. एकाने ‘लोणी’ म्हटलं की सगळ्यांना लोणीच लागतं.

आणि ब्रूअरशी बोलायची वेळ आली तर दोषाचं नाव घेऊ नका. ‘पहिल्या हुंग्याला मका आला, कोमट झाल्यावर गेला’, एवढंच सांगा. कुठलं भांडं तपासायचं ते त्याला कळतं.