डब्यावरचं इंग्रजी आणि कोकणातली भिंत: या चुका टाळा

गणपतीला घर रंगवलेलं असावं, असं कोकणात कुणाला वाटत नाही? म्हणून आषाढ-श्रावणात, भर पावसात, ओटीवरच्या भिंतींना रंग लागतो आणि दिवाळी येईस्तोवर त्याचे पापुद्रे सुटायला लागतात. मग बोल लागतो रंगाऱ्याला. पण पुष्कळदा गडबड त्याच्याही आधी झालेली असते. डब्यावरचे, एस्टिमेटमधले, इंजिनिअरच्या अहवालातले इंग्रजी शब्द आपण अंदाजाने वाचलेले असतात. त्यातले बरेचसे ‘फेस’ आणि ‘सरफेस’ यांच्याच गोतावळ्यातले.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा शब्द ‘सरफेस ड्राय’. वरची साय धरली, एवढाच त्याचा अर्थ. बोट टेकवलं तर रंग बोटाला येत नाही, पण नखाने दाबलं तर वण उठतो, कारण खालचा थर अजून ओला आहे. थर तळापर्यंत कडक झाला की त्याला म्हणतात ‘हार्ड ड्राय’. ऑइल पेंटमध्ये या दोन अवस्थांत कित्येक तासांचं अंतर असतं, आणि डब्यावर छापलेली वेळ श्रावणातल्या ओल्या हवेसाठी नसते. दुसरा हात कधी द्यायचा, हे पाहायचं ‘रीकोट’ या शब्दापुढे. पावसाळ्यात तिथल्या वेळेच्याही पुढे थांबायचं.

आता त्याच डब्यावर खाली लिहिलेलं असतं की रंग ‘ड्राय सरफेस’वर लावा. शब्द तेच, नुसते उलटे, पण इथे सरफेस म्हणजे रंगाची वरची बाजू नाही. इथे सरफेस म्हणजे रंग ज्यावर बसणार ती अख्खी भिंत. हाताला कोरडी लागणारी भिंत आतून ओली असू शकते. हे तपासायला हात-दीड हाताचा प्लास्टिकचा चौकोनी तुकडा घ्या आणि चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवा. एक दिवस तसाच राहू द्या. सोडवताना प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा त्याखालची भिंत गडद झालेली दिसली, तर ती भिंत अजून रंगवण्याजोगी नाही. नवा गिलावा असेल तर साधारण २८ दिवस तरी जाऊ द्यावेत. गिलाव्यातल्या सिमेंटचा क्षार तोवर ताजा असतो आणि तो रंगाला खातो.

चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीची गोष्ट आणखी निराळी. जांभ्याला इंग्रजीत ‘लॅटराइट’ हे नाव फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्ये दिलं, लॅटिनमधल्या ‘विटे’च्या शब्दावरून. खाणीतून काढताना हा दगड मऊ असतो, विटेसारखा कापता येतो आणि उघड्या हवेत कडक होतो. पण त्याच्या अंगावर भोकंच भोकं असतात. डब्यावर ‘कव्हरेज’ म्हणून जो चौरस फुटांचा आकडा असतो तो सपाट, गुळगुळीत भिंतीचा. टेप लावून लांबी-रुंदी मोजली की भिंतीचं क्षेत्रफळ निघतं, पण चिऱ्याचा खरा ‘सरफेस एरिया’ प्रत्येक भोकाच्या आतली बाजू धरून असतो. माल अर्ध्यात संपतो तो यामुळे. आधी एका कोपऱ्यात हातभर जागा रंगवून पाहा आणि मग डबे आणा.

दरजा भरून चिरा उघडाच ठेवला असेल तर त्यावर चकाकीसाठी वार्निशसारखा थर देण्याची हल्ली फार हौस आहे. माझं स्पष्ट मत: देऊ नका. असा थर वर पापुद्रा धरतो, दगडात खालून चढलेली ओल त्याच्यामागे कोंडली जाते आणि पुढच्या पावसाळ्यात तो पांढुरका होऊन सुटतो. डब्यावर ‘फिल्म फॉर्मिंग’ असेल तर तो हाच प्रकार. ‘पेनिट्रेटिंग’ लिहिलेलं पाहा; ते द्रव्य दगडात मुरतं, पाणी झटकतं आणि आतल्या ओलीला बाहेर पडायला वाट ठेवतं.

एस्टिमेटमध्ये ‘फसाड’ असेल तर आधी विचारा, नक्की कुठली भिंत? या शब्दाचा अर्थ इमारतीची दर्शनी बाजू. नैऋत्येकडून येणारी झड मात्र दर्शनी बाजू बघून येत नाही. घर पूर्वेला तोंड करून असेल तर पावसाचा मारा मागच्या पडवीवर. जुनी माणसं त्या बाजूला पावसाळ्यापूर्वी माडाच्या झावळ्यांची झापं बांधायची. फसाडपुरता चांगला बाहेरचा रंग आणि मागे उरलासुरला, असा हिशेब झाला तर पैसे नको त्या भिंतीवर जातात.

अहवालात ‘सुपरफिशियल क्रॅक’ वाचून निर्धास्त होऊ नका. तडा वरच्या थरापुरता आहे, इमारतीला धोका नाही, इतकंच त्यातून कळतं. दुर्लक्ष करा असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. कोकणात जूनच्या पहिल्या सरीपासून पाणी त्याच तड्यातून आत शिरतं, तेव्हा मे संपायच्या आत तो भरून घ्या. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख घालून ठेवा. तडा रेघेपलीकडे गेला, किंवा सांध्यांमधून पायऱ्यांसारखा चढत गेलेला दिसला, तर इंजिनिअरला पुन्हा बोलवा.

भिंतीवर पांढरी भुकटी येते ती क्षारांची. ती कोरड्या ब्रशनेच झाडा. पाण्याने धुतलीत तर क्षार विरघळून परत आत जातात आणि सुकल्यावर पुन्हा वर येतात.

समुद्राजवळ खिडकीच्या गजांवर येणारा ‘सरफेस रस्ट’ तारेच्या ब्रशने निघतो. खाली घट्ट लोखंड लागलं की लगेच, त्याच दिवशी, प्रायमर मारा. ब्रश फिरवल्यावर खळगे दिसले तर ते ‘पिटिंग’. खळगे खोल असतील तर वरून कितीही रंग दिला तरी तो गज टिकणार नाही, बदलूनच घ्यावा लागेल.