‘दिवसभर एकदाच’ लिहिलेलं सनस्क्रीन? दुसरा हात मारायचाच

सकाळी एकदा लावलं की संध्याकाळपर्यंत निश्चिंत, असं बाटली सांगते. पण घाम, टॉवेल, कपड्यांचं घासणं आणि सारखा चेहऱ्यावर जाणारा हात यांनी थर जागोजागी निघतो. शिवाय मुळात तो पातळच लावलेला असतो. एसपीएफचा आकडा (क्रीम उन्हापासून किती वाचवतं त्याचं माप) मोजताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावतात. घरी बहुतेक जण त्याच्या निम्मंही लावत नाहीत. मग ५० ची बाटली ५० चं काम करणार कशी?

१. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं क्रीम घ्या. उघड्या अंगाला सगळीकडे लावायचं तर साधारण ३० मिली. कान, मानेची मागची बाजू आणि पावलं हमखास राहून जातात.

२. बाहेर पडण्याच्या १५-२० मिनिटं आधी लावा.

३. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. पोहून आल्यावर किंवा अंग पुसल्यावर मात्र घड्याळ बघू नका, लगेच लावा. ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे पाण्यात ४० किंवा ८० मिनिटं. टॉवेलने खसाखसा पुसलं की तो हिशेब संपला.

दिवसभर घरात, खिडकीपासून लांब बसणार असाल तर सकाळचा एक थर चालून जातो.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन फासू नका. त्याला सावलीत ठेवा, टोपी आणि अंगभर सुती कपडे घाला.