पॉवरलाइन अ‍ॅडॉप्टर लावताय? मग मी केलेल्या या चुका टाळा

आमचं घर अमळनेरला. पुढचा भाग जुना, धाब्याचा, मातीच्या जाडजूड भिंती, आणि मागे नंतर बांधलेला स्लॅबचा भाग. मे महिन्यात त्या मातीच्या भिंती म्हणजे वरदान, पण वायफायसाठी पार शत्रू. फायबरची लाइन पुढच्या खोलीत आलेली, राउटर तिथेच भिंतीवर, आणि माझं कामाचं टेबल सगळ्यात मागे. अंगणात दोन कांड्या, मागच्या दारात एक, टेबलावर शून्य. एक्स्टेंडर लावून बघितला, पण त्यालाच सिग्नल मिळेना तर तो पुढे काय देणार. केबल टाकायची तर मातीच्या भिंतीला भोक पाडायला आबा तयार नाहीत. मग पॉवरलाइन अ‍ॅडॉप्टरची जोडी मागवली, आणि पुढचे दोन महिने मी ती जोडी घेऊन घरभर फिरत होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक अ‍ॅडॉप्टर राउटरजवळच्या बोर्डात लावायचा आणि लॅन केबलने राउटरला जोडायचा, दुसरा जिथे नेट पाहिजे तिथल्या बोर्डात, आणि मधली केबल म्हणजे तुमच्या घराची लाईट फिटिंग. वायरीतून २३० व्होल्टची लाईट ५० हर्ट्झने जातच असते, अ‍ॅडॉप्टर त्याच तारेवर मेगाहर्ट्झमधला सिग्नल चढवतो, होमप्लग एव्ही या स्टँडर्डमधे साधारण २ ते २८ मेगाहर्ट्झ आणि नंतरच्या एव्ही२ मधे ८६ पर्यंत. म्हणजे स्पीड किती मिळेल हे डब्यावर छापलेलं नसतं, ते तुमच्या वायरमनने कधीकाळी कशी वायर ओढली त्यावर आहे. माझ्या सगळ्या चुका इथूनच निघाल्या, मी अ‍ॅडॉप्टरकडे बघत बसलो आणि वायरीकडे बघितलंच नाही.

पहिली चूक, स्पाइक गार्डमधे लावला

आपल्याकडे व्होल्टेज कधी १८० तर कधी २५०, त्यामुळे महागडी वस्तू थेट बोर्डात लावायची कोणाची हिंमत होत नाही. मीही कौतुकाने दोन्ही अ‍ॅडॉप्टर स्पाइक गार्डमधे लावले आणि स्पीड आला ११ एमबीपीएस. स्पाइक गार्ड लाईनवर अचानक आलेले झटके अडवतो आणि बऱ्याचदा जास्त फ्रिक्वेन्सीचा कचराही गाळतो, आणि अ‍ॅडॉप्टरचा सिग्नल त्याच्या दृष्टीने कचराच. साधा एक्स्टेन्शन बोर्ड असला तरी नुकसान होतंच, कमी होतं एवढंच. भिंतीतल्या बोर्डात डायरेक्ट लावला तर तोच ११ चा ४० झाला, बाकी काहीही न बदलता.

बोर्डात एकच पॉइंट असेल तर पासथ्रू वाला अ‍ॅडॉप्टर घ्या, त्याच्या तोंडावर परत सॉकेट असतं आणि त्या सॉकेटला आतून फिल्टर असतो, म्हणून तुमचा एक्स्टेन्शन बोर्ड आणि सगळे चार्जर त्या सॉकेटमधे खोचा, उलट नाही. फक्त किती अँपिअर चालेल ते स्टिकरवर बघा, गिझर-इस्त्री तिथे लावू नका.

दुसरी चूक, फेजचा विचारच केला नाही

आता खरी गंमत. ४० आला म्हणून मी खुश होतो, पण दुसऱ्या दिवशी सकाळी परत १२-१५ वर. मग मधेच एखाद्या दिवशी ७०. तीन दिवस मस्त, चार दिवस बेकार. अ‍ॅडॉप्टर रिसेट केले, राउटर बदलला, नेटवाल्याला शिव्या घातल्या (त्याचा काही दोष नव्हता, बिचारा दोनदा येऊन गेला). मित्र रोज विचारायचा, "काय भो, आज नेट चालस का?" आणि मला सकाळी उठून टेबलावर बसल्याशिवाय सांगता यायचं नाही.

शेवटी मी वहीत लिहायला लागलो, कोणत्या दिवशी किती. आठवडाभराने लक्षात आलं की ज्या दिवशी गल्लीत एक फेज गेलेला असतो त्या दिवशी माझं नेट झकास चालतं. लाईटचा घोळ असला की नेट चांगलं, हे घरात सांगितलं तर सगळे हसायला लागले.

कारण असं. आमच्याकडे थ्री फेज कनेक्शन आहे, आणि आपल्याकडे बऱ्याच घरात असतात तशी मेन बोर्डवर गोल फिरवायची फेज सिलेक्टरची बटनं, एक पुढच्या भागाला, एक मागच्या भागाला, एक मोटर-गिझरला. लाल, पिवळा, निळा. रोज पुढचा भाग लालवर आणि मागचा पिवळ्यावर चालायचा. पॉवरलाइनचा सिग्नल एका फेजवरून दुसऱ्या फेजवर नीट उडी मारत नाही, वायरी शेजारून जातात म्हणून थोडाफार पाझरतो, आणि तो पाझर म्हणजेच माझे १२-१५. ज्या दिवशी पिवळा जायचा त्या दिवशी आबा मागचं बटन फिरवून लालवर घ्यायचे, दोन्ही भाग एका फेजवर यायचे आणि माझं नेट पळायचं. पहिल्या दिवशीचा तो ४० पण असाच, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पिवळा फेज नव्हता.

म्हणून थ्री फेज असेल तर आधी हे बघा की दोन्ही बोर्ड एकाच फेजवर आहेत का. स्वतः टेस्टर घेऊन डीबी (जिथून घरभर वायरी वाटल्या जातात तो डबा) उघडू नका, टेस्टर फक्त लाईट आहे एवढंच सांगतो, कोणता फेज ते सांगत नाही. वायरमनला बोलवा, त्याचं दहा मिनिटांचं काम आहे. आमच्या वायरमनने मागचा भाग कायमचा लालवर घेतला आणि मोटर-गिझर पिवळ्यावर नेले, म्हणजे लोडही सारखा राहिला. एका फेजवरचा सिग्नल दुसऱ्यावर नेणारे, फेजमधे बसवायचे कपलर पण असतात, पण ते वायरमननेच बसवायचं काम आहे आणि नुसतं बटन फिरवून भागत असेल तर त्या भानगडीत कशाला पडा.

सिंगल फेज घर असेल तर हा सगळा परिच्छेद सोडून द्या, तुम्ही नशीबवान.

तिसरी, इन्व्हर्टर

लाईट गेली तरी नेट पाहिजे म्हणून राउटर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर असतो, सगळ्यांचाच असतो. पण दुसरा अ‍ॅडॉप्टर मी एसीच्या १६ अँपिअरच्या पॉइंटमधे लावला कारण तो मोकळा होता, आणि तो पॉइंट इन्व्हर्टरवर नाही. लाईट असते तेव्हा इन्व्हर्टर लाईट आतल्या रिलेतून (आपोआप पलटणाऱ्या स्विचमधून) नुसती पुढे सोडतो, त्यामुळे सिग्नल कसाबसा जातो. लाईट गेली की रिले मेन लाइन तोडतो, आणि मागचा अ‍ॅडॉप्टर तसाही बंदच पडतो. मग पुढे राउटर थाटात चालू आणि मी मागे मोबाइलचा हॉटस्पॉट शोधतोय.

दोन्ही अ‍ॅडॉप्टर इन्व्हर्टरच्याच वायरीवर लावा, किंवा दोन्ही मेनवर, एक इकडे एक तिकडे नको. इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्हचा असेल तर बॅटरीवर असताना त्याचा एवढा आवाज (कानाला ऐकू येणारा नाही, विजेतला कचरा) लाईनवर येतो की स्पीड पडणारच, साइन वेव्हवर त्रास बराच कमी. लाईट जाता-येता जोडी तुटून परत जुळायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात व्हिडिओ कॉल कट झाला म्हणून अ‍ॅडॉप्टर उपटू नका, थांबा.

कूलर, मिक्सर आणि स्वस्तातले चार्जर

जळगाव-भुसावळकडच्या उन्हाळ्यात कूलर बंद ठेवा असं मी कोणाला सांगणार नाही, मार खाईन. पण कूलरची मोटर, त्याचा पाण्याचा पंप, मिक्सर, ड्रिल, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर हळू चाललेला पंखा, हे सगळे लाईनवर आवाज टाकतात. आमच्याकडे संध्याकाळी शेवभाजीचं काळं वाटण मिक्सरला लागलं की माझा कॉल अडकायचा, आणि समोरच्यांना वाटायचं मी मुद्दाम गप्प आहे. मिक्सर दोन मिनिटात थांबतो, सोडून द्या. खरे चोर म्हणजे चोवीस तास लावलेल्या बारीक वस्तू, बिनकंपनीचे मोबाइल चार्जर, स्वस्त एलईडी बल्ब, सेटटॉप बॉक्सचे अ‍ॅडॉप्टर, कारण ते दिसतही नाहीत आणि बंदही होत नाहीत.

शोधायची पद्धत सोपी आहे. अ‍ॅडॉप्टरच्या कंपनीचं युटिलिटी सॉफ्टवेअर असतं त्यात दोघांमधला लिंक रेट, म्हणजे आत्ताचा जोडणीचा वेग, दिसतो, तो स्क्रीनवर ठेवा आणि एकाला डीबीजवळ उभं करून एकेक एमसीबी (तिथला छोटा स्विच) पाडायला सांगा, फोनवर बोलत; अ‍ॅडॉप्टर आणि राउटर ज्यावर आहेत ती एमसीबी सोडून, त्या लाईनवरच्या पिना सरळ हाताने काढून बघा. ज्या एमसीबीला आकडा एकदम वर जाईल त्या लाईनवर चोर आहे, मग तिथली एकेक पिन काढत जा. आमच्याकडे निघाला माझ्याच ट्रिमरचा चार्जर, अ‍ॅडॉप्टरच्या शेजारच्याच सॉकेटमधे. काढला आणि ७० च्या पुढे गेलो.

उलटा त्रासही होतो. आबा जुन्या रेडिओवर शॉर्टवेव्ह लावतात, तो आता खरखर करतो, कारण शॉर्टवेव्ह याच पट्ट्यात येतो. यावर माझ्याकडे उपाय नाही, आबा रेडिओ घेऊन अंगणात बसतात.

डब्यावरचा आकडा

डब्यावर ६०० लिहिलंय म्हणून ६०० येत नाही. तो आकडा म्हणजे वायरीवरचा कागदी वेग, त्यातून एन्क्रिप्शन, चुका दुरुस्त करणं, जाणं-येणं हे सगळं वजा होतं आणि हातात निम्म्याहूनही कमी पडतं. त्यात ५००-६०० वाल्या बऱ्याच मॉडेलला लॅन पोर्टच १०० एमबीपीएसचं असतं, म्हणजे वायर कितीही चांगली असली तरी ९०-९५ च्या वर जायचा प्रश्नच नाही. २०० चा प्लॅन घेतला असेल तर गिगाबिट पोर्ट लिहिलेलंच घ्या.

एव्ही२ ची मीमो (एकापेक्षा जास्त तारांवरून सिग्नल नेणारी) मॉडेल फेज-न्यूट्रलबरोबर अर्थिंगची वायर पण वापरतात, म्हणून तीन पिनचे असतात. जुन्या घरात तिसरं भोक नुसतं शोभेला असतं, मागे वायरच नाही. तिथे जास्तीचे पैसे घालून काही मिळणार नाही, आणि पाहुण्यांनी फॉरेनहून आणलेला अ‍ॅडॉप्टर दोन पिनच्या कन्व्हर्टरवर लावला तरी तीच गत. (अर्थिंग नसेल तर नेटचं राहू द्या, आधी अर्थिंग करून घ्या.)

जुना अ‍ॅडॉप्टर घरात आहे आणि एक नवा घेऊन जोडायचा असेल तर दोन्ही होमप्लग एव्ही किंवा एव्ही२ चे आहेत ना ते बघा. जी.एचएन नावाचं दुसरं स्टँडर्ड आहे, ते होमप्लगशी बोलत नाही, दोघे एकाच बोर्डात शेजारी बसले तरी अनोळखी.

जोडी जुळत नाही म्हणणाऱ्यांसाठी

दोन्ही आधी एकाच खोलीत शेजारच्या सॉकेटमधे लावा, तिथे जोडी करा, मग एक उचलून मागे न्या. पेअरचं बटन हलकं दाबायचं आणि दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचं. रागाने दहा-दहा सेकंद दाबून धरलं तर बऱ्याच मॉडेलमधे उलट होतं, आहे ती जोडी तुटते. बटन दाबायचंच, डब्यातून काढल्यावर आपोआप चालतंय म्हणून तसंच ठेवू नका. कंपनीतून सगळ्यांना एकच नेटवर्कचं नाव येतं, आणि वाड्यात किंवा अपार्टमेंटमधे सिग्नल मीटर ओलांडून शेजाऱ्याच्या वायरीत जाऊ शकतो, मग शेजाऱ्याकडे तसलाच अ‍ॅडॉप्टर असला की तो तुमच्या नेटवर्कमधे.

मागच्या टोकाला जुना राउटर लावून वायफाय करणार असाल तर त्याचं डीएचसीपी (बाकी वस्तूंना आयपी पत्ते वाटायचं काम) बंद करा, आयपी पत्ता बदला कारण दोघांचा बऱ्याचदा १९२.१६८.१.१ च असतो, आणि केबल वॅनमधे (बाहेरून नेट आत घ्यायच्या पोर्टमधे) नाही, लॅन पोर्टमधे. हे न केल्यामुळे आमच्याकडे टीव्हीला नेट आणि लॅपटॉपला नाही असा प्रकार एक आठवडा चालला, आणि मी तोपर्यंत अ‍ॅडॉप्टरलाच दोष देत होतो.

गरम होणं

या वस्तूंच्या कागदावर साधारण ० ते ४० डिग्री लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५. म्हणून पश्चिमेच्या भिंतीवरचा बोर्ड, फ्रिजच्या मागचा बोर्ड, टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यातला बोर्ड, तिथे लावू नका. दुपारी तीनला नेट तुटतं आणि रात्री ठीक होतं असं असेल तर आधी हात लावून बघा. पण गार राहील म्हणून कूलरच्या तोंडासमोर पण नको, ओली हवा आणि लाईटचा बोर्ड एकत्र चालत नाही.

शेतात कॅमेरा लावायचाय

हे मला रावेर-चोपड्याकडचे केळीवाले ओळखीचे लोक सतत विचारतात, घरून शेतातल्या शेडपर्यंत लाईट आहेच तर नेट जाईल का. नाही जाणार. शेतातलं कनेक्शन वेगळ्या मीटरवर, बहुतेक वेगळ्या ट्रान्सफॉर्मरवर असतं, आणि ट्रान्सफॉर्मर हा सिग्नल पलीकडे जाऊ देत नाही. कागदावर ३०० मीटर लिहिलेलं असतं ते वायरीचं अंतर, आणि तेही आदर्श परिस्थितीतलं. तिथे समोरासमोर दिसणारे दोन आउटडोअर वायरलेस ब्रिज (हवेतून नेट पलीकडे नेणारी जोडी) लावा नाहीतर सिमवाला राउटर. आणि घराचं बांधकाम चालू असेल तर अ‍ॅडॉप्टरचा विचारच करू नका, प्लास्टर व्हायच्या आत लाईटच्या पाइपपेक्षा वेगळा एक पाइप टाकून कॅट६ ची लॅन केबल ओढून घ्या, एका लांबीत १०० मीटरपर्यंत चालते.

आमच्या मेन बोर्डवर आता मी चिठ्ठी चिकटवली आहे, "पुढचं आणि मागचं बटन एकाच रंगावर ठेवा". परवा लाल फेज गेला तर आबांनी दोन्ही बटनं निळ्यावर फिरवली आणि मागे येऊन दारातून विचारलं, "काय रे, तुनं नेट चालस ना?" ७४ येत होता.