सोयाबीन पेरण्याआधी सरीचं ठरवा

रोहिण्या लागल्या की प्रत्येक कृषी सेवा केंद्रावर एकच प्रश्न ऐकू येतो: यंदा पाऊस किती टक्के सांगितलाय? मराठवाड्यात आणि पश्चिम विदर्भात कोरडवाहू सोयाबीन करणाऱ्याला त्या टक्क्याचा उपयोग फार थोडा. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि पिकं ऐन फुलोऱ्यात माना टाकून उभी राहिली. 2025 मध्ये मॉन्सून 24 मे रोजीच केरळात आला, 26 मे रोजी मुंबईत पोचला, आणि सप्टेंबरच्या अखेरीस धाराशिव-सोलापूरकडे सीनेच्या पुरानं उभं पीक मातीसकट नेलं. पाऊस सरासरीच्या किती, यापेक्षा तो कोणत्या आठवड्यात पडला आणि कुठल्या आठवड्यात पडलाच नाही, यावर पिकाचा उतारा ठरतो.

शास्त्रज्ञांचे आकडेही तेच सांगतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं की 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, गुजरातपासून ओडिशापर्यंत, मोठ्या भागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिप्पट झाल्या. त्याच काळात मॉन्सूनचा एकूण पाऊस मात्र घटत होता. अरबी समुद्र तापतोय आणि हवा एका अंशानं तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते. ते बाष्प एकदा सुटलं की दोन दिवसांत महिन्याचा पाऊस होतो. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या 2020 च्या अहवालानुसार 1951-80 च्या तुलनेत 1981-2011 या काळात पावसाळ्यातले कोरडे खंड 27 टक्क्यांनी वाढले. दिल्लीच्या सीईईडब्ल्यू या संस्थेनं 2024 मध्ये 1982 ते 2022 चा तालुकावार पाऊस तपासला. अलीकडच्या दशकात देशातल्या जवळपास निम्म्या तालुक्यांत ऑक्टोबरचा पाऊस 10 टक्क्यांहून जास्त वाढल्याचं त्यात दिसलं.

म्हणजे सुरुवातीला धो धो, मध्ये वीस-वीस दिवस उघडीप आणि काढणीला पुन्हा पाऊस. शेतानं जादा पाणी सोडलंही पाहिजे आणि थोडं पाणी धरलंही पाहिजे. ही दोन्ही कामं करणारी, आणि तीही पेरणीच्याच खर्चात होणारी, एकच गोष्ट माझ्या पाहण्यात आहे: सरी. बाकी औषधं, टॉनिकं, फवारे यांचा नंबर नंतर लागतो. (दुकानात क्रम उलटा असतो, हे तुम्हाला माहीतच आहे.)

रुंद सरी वरंबा यंत्र, म्हणजे बीबीएफ, गावात भाड्यानं मिळत असेल तर आत्ताच सांगून ठेवा. वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला की सगळ्यांना एकाच दिवशी हवं असतं. वरंब्यावर चार ओळी, दोन ओळींत 45 सेंटीमीटर, दोन्ही बाजूंना सरी. बियाणं एकरी 20 ते 22 किलोत भागतं. यंत्र नसेल तर नेहमीच्या ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रानं पेरा, आणि दर चार ओळींनंतर एका ओळीची जागा मोकळी सोडा. पुढे कोळपणीच्या वेळी त्या मोकळ्या पट्ट्यात बळीराम नांगरानं किंवा कोळप्याला दोरी गुंडाळून सरी पाडा. कमी ओळी पेरल्यानं उत्पन्न घटेल अशी धास्ती असते. पण सरीच्या कडेच्या ओळींना हवा-उजेड जास्त मिळतो, झाडं फांद्या टाकतात, आणि फवारणीला आत चालताही येतं.

इथं एक बारीक गोष्ट आहे, ती बहुतेक जण विसरतात. पेरणी आणि सरी उताराला आडवी हवी. भारी काळ्या जमिनीत सरीचं तोंड खालच्या बाजूला चरात किंवा ओढ्याकडे मोकळं ठेवा, नाहीतर सरीच पाणी साठवून रान चिबडेल आणि पीक पिवळं पडेल. हलक्या, मुरमाड जमिनीत उलट करा: सरीत थोड्या थोड्या अंतरावर मातीचे आडवे बांध घाला, पाणी जागीच मुरू द्या. एका एकरावर 25 मिलिमीटर पाऊस पडला तर ते सुमारे एक लाख लिटर पाणी होतं. त्यातलं निम्मं जरी मुळांपाशी मुरलं तरी पुढच्या खंडात पीक काही दिवस जास्त तग धरतं.

आता घाईबद्दल. मे महिन्यात पाऊस झाला म्हणून पेरायचं नाही. वळवाच्या पावसानं रान भिजतं, मशागत सोपी होते, तणही उगवून येतं आणि ते कुळवाच्या पाळीत मारता येतं. एवढाच त्याचा फायदा घ्या. मॉन्सूनचा 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच चाड्यावर मूठ धरा. तो आकडाही मंडळातल्या पर्जन्यमापकाचा असतो, तुमच्या शिवाराचा नसतो. एकाच रात्री 80 मिलिमीटर पडला असेल तर बरंचसं पाणी वाहून गेलेलं असतं. म्हणून कुदळ घेऊन शेतात तीन-चार ठिकाणी वीतभर खोल उकरून पाहा. खालची माती मुठीत दाबल्यावर गोळा होत असेल आणि हाताला चिकटत नसेल तर वापसा आहे. वर ओल आणि खाली कोरडा थर लागला तर थांबा, कारण बी उगवेल आणि आठ दिवसांच्या उघडिपीत करपेल. दुबार पेरणीचा खर्च आठवडाभर थांबण्यापेक्षा कितीतरी महाग पडतो. सोयाबीन 15 जुलैपर्यंत पेरता येतं, त्यामुळे मृगातच उरकायचा हट्ट नको. बी तीन-चार सेंटीमीटरपेक्षा खोल टाकू नका. पेरल्यावर मोठा पाऊस होऊन पापुद्रा धरला तर खोल पडलेलं बी वर येत नाही.

घरचं बियाणं असेल तर उगवण तपासल्याशिवाय पेरू नका. सोयाबीनचं साल पातळ असतं. मागच्या ऑक्टोबरात शेंगा भिजल्या असतील किंवा पोतं वरून आदळलं असेल तर दाणा दिसायला चांगला आणि आतून मेलेला असू शकतो. 2019 च्या परतीच्या पावसात भिजलेल्या बियाण्याचा फटका 2020 च्या जूनमध्ये मराठवाड्यानं भोगला. न उगवल्याच्या तक्रारींचा तेव्हा ढीग लागला होता. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या रांगेत शंभर दाणे मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी उघडून फक्त धडधाकट कोंब मोजा. वाकडे, कुजके सोडून द्या. सत्तर किंवा जास्त निघाले तर साध्या पेरणीला एकरी 30 किलो पुरे. त्याखाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवा. साठच्या खाली गेलं तर ते बियाणं तेलाला द्या. बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि पेरणीपूर्वी सगळ्यात शेवटी रायझोबियम व पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) ही जिवाणू खतं. क्रम चुकला तर जिवाणू मरतात.

वाण निवडताना जमीन बघता तसा काढणीचा आठवडाही बघा. 20 जूनला पेरलेलं जेएस 20-34 साधारण 88 दिवसांचं, म्हणजे 16 सप्टेंबरच्या आसपास पिकतं. फुले संगम 105 दिवस घेतं आणि 3 ऑक्टोबरला काढणीला येतं. हवामान विभागानं 2020 मध्ये मॉन्सूनच्या सर्वसाधारण तारखा बदलल्या. पश्चिम राजस्थानातून मॉन्सून परतायला लागण्याची तारीख 1 सप्टेंबरवरून 17 सप्टेंबर झाली, मुंबईतली 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबर. तेव्हा सप्टेंबरचा मधला आठवडाही सुरक्षित नाही आणि ऑक्टोबरचा पहिलाही नाही. कोणता आठवडा कोरडा जाईल हे जूनमध्ये कुणीच सांगू शकत नाही. सगळं रान एका वाणावर लावू नका. भारी जमिनीत निम्म्यावर फुले संगमसारखा उशिराचा आणि निम्म्यावर परभणीच्या विद्यापीठाचा एमएयूएस 158 किंवा एमएयूएस 612 यांसारखा मध्यम मुदतीचा वाण घ्या. हलक्या रानात लवकरचाच बरा. चार-दोन ओळी तुरीच्या असतील तर सोयाबीन गेलं तरी हाती काही राहतं.

खंड पडला तर पहिला इलाज कोळपं. वरचा थर मोकळा झाला की जमिनीच्या भेगा बुजतात आणि ओल उडून जायची थांबते. पंधरा-वीस दिवसांनी एक आणि तीस-पस्तीस दिवसांनी दुसरी कोळपणी पुरते. फुलं लागल्यावर कोळपं घालू नका, मुळं तुटतात. फुलोऱ्यात ताण आला आणि पाणी अजिबात नसेल तर 13:0:45 हे विद्राव्य खत (पोटॅशियम नायट्रेट) दहा लिटर पाण्यात 100 ग्रॅम घेऊन फवारा. त्यानं थोडा आधार मिळतो. पाण्याची जागा ते घेत नाही. विहिरीत किंवा शेततळ्यात थोडं पाणी असेल तर ते जुलैत उधळू नका. फुलं लागताना आणि शेंगा भरताना द्या, तेही तुषारनं किंवा एक आड एक सरीतून.

मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला निघतो, मेघदूत ॲपवर तो मराठीत वाचता येतो. काढणीच्या दिवसांत तो आवर्जून बघा. नव्वद-पंच्याण्णव टक्के शेंगा पिवळ्या-तपकिरी झाल्या की पुढचे तीन-चार दिवस कोरडे आहेत का ते पाहूनच कापायला माणसं सांगा. कापलेलं पीक ओलं असताना गंजी लावली तर आत वाफ धरते आणि दाणा काळा पडतो. ताडपत्री सप्टेंबरच्या आधीच घेऊन ठेवा. पाऊस आल्यावर तिचा भाव बघवत नाही. आणि बियाण्यासाठी ठेवायचं सोयाबीन असेल तर मळणी यंत्राचे फेरे मिनिटाला चारशेच्या आत ठेवायला सांगा.