परीक्षा मराठीत देतात, इंग्रजीत घेतात : शब्दकोश कसा निवडावा, कसा वापरावा

‘आय गेव्ह द एक्झाम’ हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. मराठीत आपण परीक्षा देतो, म्हणून इंग्रजीतही ती देतो. इंग्लंड-अमेरिकेतला विद्यार्थी मात्र परीक्षा ‘टेक’ करतो; ब्रिटिश लोक ‘सिट’ही म्हणतात. इंग्रजी-मराठी कोशात ‘एक्झाम’पुढे बहुधा ‘परीक्षा’ एवढंच असतं, आणि तो अर्थ आपल्याला आधीच माहीत असतो. अडतं ते शब्द वापरताना.

१. दोन कोश ठेवा. इंग्रजी-मराठी कोश वाचनासाठी हवाच. पक्षी, झाडं, आजार, अवजारं यांच्यासाठी त्याला तोड नाही: ‘किंगफिशर’चं इंग्रजीतलं वर्णन वाचण्यापेक्षा ‘खंड्या’ हा एक शब्द पुरतो. पण लिहिण्या-बोलण्यासाठी लर्नर्स डिक्शनरी घ्या. ही खास परभाषकांसाठीच रचलेली असते. आल्बर्ट हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत; त्यांचा कोश 1942 मध्ये तिथेच छापला गेला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने काढला. 1978 च्या लाँगमनने सुमारे 2000 सोप्या शब्दांतच सगळे अर्थ सांगितले. 1987 चा ‘कोबिल्ड’ कोश तर अर्थही पूर्ण वाक्यात देतो.

२. घेण्याआधी पारखा. दुकानात ‘सजेस्ट’ हा शब्द उघडा. व्याख्या न अडखळता कळली का? त्यापुढे वाक्य कसं चालतं, हे उदाहरणातून दिसतं का? दिसत नसेल तर कोश परत ठेवा. खिशात मावणारे छोटे कोश इथेच कमी पडतात, कारण त्यांत उदाहरणांना जागाच नसते. जुनी आवृत्ती खुशाल घ्या. नवे शब्द नसतील, पण व्याकरण तेच असतं. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमनचे लर्नर्स कोश इंटरनेटवर फुकट आहेत.

३. नाम उघडा. माझ्या मते सगळ्यात उपयोगी सवय हीच. आपला चहा कडक असतो आणि पाऊस जोराचा. आता ‘कडक’ला इंग्रजी शब्द शोधाल तर ‘हार्ड’ हाती येईल आणि फसाल. त्याऐवजी ‘टी’ आणि ‘रेन’ उघडा, त्यांची उदाहरणं वाचा: चहा ‘स्ट्राँग’ असतो, पाऊस ‘हेवी’. परीक्षेचं ‘टेक’सुद्धा ‘एक्झाम’ याच नोंदीत सापडतं. काही कोशांत अशा जोड्यांची वेगळी चौकटच असते.

४. बारीक अक्षरं सोडू नका. नामाजवळ ‘सी’ असेल तर ते मोजता येतं, ‘यू’ असेल तर नाही. मराठीत सल्ले अनेक असतात. इंग्रजीत ‘ॲडव्हाइस’पुढे ‘यू’ आहे, म्हणजे त्याला अनेकवचनाचा ‘एस’ लागत नाही. ‘फर्निचर’ आणि ‘इन्फर्मेशन’ही तसेच.

क्रियापदापुढे किंवा विशेषणापुढे कोणता शब्द येतो ते पाहा. आपलं लग्न कुणा‘शी’ होतं, म्हणून आपण ‘मॅरीड विथ’ म्हणतो. इंग्रजीत ‘मॅरीड टू’. आपण एखाद्या गोष्टी‘विषयी’ चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस अबाउट’ तोंडात येतं. तिथे ‘अबाउट’ नकोच.

५. उच्चार ऐका. उच्चाराच्या चिन्हांतली वरची छोटी उभी रेघ शब्दाच्या पुढच्या तुकड्यावर जोर द्यायला सांगते. ‘हॉटेल’मध्ये जोर ‘टेल’वर, ‘डेव्हलप’मध्ये ‘व्हे’वर. देवनागरीत लिहिलेल्या उच्चारात हा जोर सहसा दिसत नाही.

६. वहीत वाक्य उतरवा. शब्द आणि त्याचा मराठी अर्थ अशा दोन रकान्यांची वही बंद करा. कोशातलं उदाहरण लिहा आणि त्याखाली त्याच बांधणीचं, आपल्या घरातलं, आपल्या कामाचं एक वाक्य.

सुरुवात ‘डाउट’पासून करा. वर्गात हात वर करून आपण ‘आय हॅव अ डाउट’ म्हणतो, तेव्हा आपल्याला प्रश्न विचारायचा असतो. कोशातली व्याख्या काय सांगते ते वाचा, मग शेजारी ‘क्वेश्चन’ उघडून दोन्ही वाक्यं वहीत एकाखाली एक लिहा.