पावसात तुंबणारा शोषखड्डा: माझा अनुभव

रत्नागिरीकडच्या आमच्या घराच्या सेप्टिक टाकीचं सांडपाणी जमिनीत जिरवणारा शोषखड्डा उन्हाळाभर ठीक चालायचा, जुलैत मात्र तुंबायचा. गवंडी म्हणाला, खड्डा अजून खोल घेऊ. मी आधी विहिरीत दोरी सोडून पाहिलं. भर पावसात पाणी जमिनीपासून दीड मीटरवर आणि खड्डा तीन मीटर खोल! तो खालून भूजलातच बुडालेला होता. आणखी खोल नेला असता तर सांडपाणी भूजलात, म्हणजे पिण्याच्या पाण्यात, आणखीच मिसळलं असतं.

मग पावसातच घराच्या दुसऱ्या अंगाला चाचणीचा खड्डा घेतला. तीन मीटरपर्यंत पाणी लागलं नाही. जांभ्या दगडात भेगा असतात, त्यातून सांडपाणी न गाळताच पळतं, म्हणून कातळ टाळून मातीचा थर जाड असलेली जागा निवडली.

माती पाणी किती वेगाने शोषते ते पाहायला तिथे वीतभर रुंद खड्डा खणून बाजू खरवडल्या, तळाला खडी पसरली आणि रात्रभर पाणी मुरू दिलं. कोरड्या मातीत पाणी भराभर जिरतं, ते माप फसवं, म्हणून हे भिजवणं टाळूच नका. सकाळी 15 सेंमी पाणी भरून पट्टी लावली. एक सेंटीमीटर उतरायला साधारण 12 मिनिटं लागली. हे माप सेप्टिक टाकीसाठीच्या भारतीय मानकाशी, म्हणजे आयएस 2470 शी, ताडून पाहिलं.

खोल खड्ड्याऐवजी पाऊण मीटर खोल, लांबट चर काढला. त्यात खडी आणि छिद्रांचा पाइप. विहिरीपासून 18 मीटरपेक्षा जास्त अंतर राखलं. यंदाच्या जुलैत टाकी तुंबली नाही. विहिरीचं पाणी दर पावसाळ्यात तपासून घेणार आहे.